जुन्या गाडीला हात बसवताना



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा तंत्रज्ञान या विषयावर पंधरा मिनिटं बोल." मी हो म्हटलं. पण आज मी संगणकावर बोलणार नाही. आमच्या घरच्या जुन्या वॅगन आरच्या पुढच्या दोन सीटांना भंगारातून आणलेले आर्मरेस्ट कसे बसवले, ते सांगणार आहे. विषय ऐकून मागच्या बाकांवरून हसू आलं, ते मला ऐकू आलं. बाकं बदलली तरी मंडळी तीच आहेत!

हा विषय निवडण्याचं कारण साधं आहे. १९९५ साली आपण दहावी झालो, तेव्हा आपले आईवडील जेवढ्या वयाचे होते, तेवढे आज आपण आहोत. आणि ते सत्तरीच्या पुढे गेले आहेत. त्यांच्या गुडघ्यांसाठी, खांद्यांसाठी, डोळ्यांसाठी काय करावं, हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात आहे. त्यातल्या एका छोट्या प्रश्नाचं उत्तर आम्ही कसं शोधलं, एवढंच मला सांगायचं आहे.

आमची गाडी २००६ सालची. बाबा निवृत्त झाले त्या वर्षी घेतलेली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, ती २०२१ मध्ये संपली. गाडीची तपासणी होऊन पुढच्या ५ वर्षांसाठी नोंदणी पुन्हा झाली. इंजिन उत्तम आहे, पत्रा धड आहे. शिवाय वॅगन आर उंच गाडी. तिच्यात बसताना खाली वाकावं लागत नाही आणि जीपसारखं वर चढावंही लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही उंची फार सोयीची असते.

अडचण आईच्या उजव्या खांद्याची होती. दोन वर्षांपूर्वी तिचा खांदा आखडला. उपचारांनी, व्यायामाने तो बराच मोकळा झाला, पण हात फार वेळ लोंबकळत राहिला की दुखायला लागतो. आता बघा, आई चालकाच्या शेजारी, म्हणजे डावीकडे बसते. तिच्या डाव्या हाताला दाराचा आधार असतो. उजव्या हाताला काहीच नसतं. दोन सीटांच्या मधे मोकळी जागा, तिथे हँडब्रेक. माणसाच्या एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं. म्हणजे ६० किलोच्या माणसाचा एक हात ३ किलोचा. तीन किलोची पिशवी त्या दुखऱ्या खांद्याला अडकवून दोन-तीन तास बसायचं, असा तो प्रकार होता.

आईचं माहेर चिपळूणचं. कराडहून पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. घाटात प्रत्येक वळणाला शरीर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जातं. डावीकडे दार सावरतं, उजवीकडे सावरायला काही नाही. हळूहळू आईने माहेरी जाणं कमी केलं. विचारलं की म्हणायची, "आता तिथे आहे कोण?" तिथे तिची थोरली बहीण आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या भावाचं म्हणणं होतं की गाडी विकून टाकू, नवीन घेऊ. पैशांचा प्रश्न नव्हता. पण आम्ही दोन-तीन नव्या गाड्या पाहिल्या आणि लक्षात आलं की त्यांतल्या आर्मरेस्टची उंची आणि जागा आईला जमत नव्हती. एकात तो इतका मागे होता की कोपर पोचेना, दुसऱ्यात इतका खाली की एका बाजूला कलावं लागे. शेवटी बाबा म्हणाले, "गाडी बदलायची कशाला? तिचा हात दुखतोय, तेवढं बघा." मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते आहे. आमच्याकडे गरज काय आहे हे ठरवण्यासाठी चार-चार बैठका होतात. एका वाक्यात इतकी स्वच्छ मागणी मला क्वचितच मिळाली आहे.

मग मी मोजमापं घेतली. आईला सीटवर नीट बसवलं, खांदे सैल सोडायला सांगितले, कोपर काटकोनात वाकवलं आणि सीटच्या पृष्ठभागापासून कोपराच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची मोजली. ती २० सेंटिमीटर भरली. हे माप माणूस बसलेला असतानाच घ्यायचं, कारण फोम दबतो. आर्मरेस्ट यापेक्षा उंच झाला तर खांदा कानाकडे उचलला जातो आणि खाली झाला तर शरीर कलतं. फिजिओथेरपिस्ट बाईंनीही हेच सांगितलं. पुढच्या दोन सीटांच्या पाठींमधलं अंतर १६ सेंटिमीटर होतं. म्हणजे ६-६ सेंटिमीटर रुंदीचे दोन आर्मरेस्ट बसून मधे ४ सेंटिमीटर उरतात. त्याहून जाड चालणार नव्हते. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापून सीटला चिकटपट्टीने लावून पाहिले, तेव्हा आकाराचा अंदाज आला.

आर्मरेस्ट कुठून आणायचे? इनोव्हासारख्या गाड्यांच्या काही मॉडेलमध्ये मधल्या रांगेत सुट्या कॅप्टन सीट असतात आणि त्यांना वर दुमडता येणारे आर्मरेस्ट असतात. अशा मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. ऑफिसच्या कामाने मुंबईला गेले होते, तेव्हा एक दुपार तिथे घालवली. दुकानदार चाचांनी आधी मला संशयाने पाहिलं. मी पिशवीतून टेप काढल्यावर त्यांनी स्टूल दिलं आणि चहा मागवला.

जुना आर्मरेस्ट घेताना चार गोष्टी पाहायच्या. पहिली, डावा-उजवा. चपलांसारखी त्याची जोडी असते. डावीकडच्या सीटच्या आतल्या बाजूला उजवा लागतो आणि चालकाच्या सीटला डावा. दुसरी, हातात धरून आडवा-उभा हलवून पाहायचा. आतलं प्लास्टिकचं बुश झिजलं असेल तर तो खुळखुळतो. तिसरी, गंज आणि वास. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा भाग बाहेरून स्वच्छ दिसतो, पण फोममधला कुबट वास जात नाही. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, नुसता आर्मरेस्ट घ्यायचा नाही. तो ज्या लोखंडी ब्रॅकेटवर बसलेला असतो, तो ब्रॅकेटही मूळ सीटमधून कापून मागायचा. त्याच्यात फिरण्याचा बोल्ट आणि आर्मरेस्टला आडवा थोपवणारी खुंटी, या दोघांमधलं अंतर कारखान्यातच नेमकं ठरलेलं असतं. चाचांनी माझ्यासमोर ग्राइंडरने ब्रॅकेट कापून दिले. जोडीचे १८०० रुपये झाले.

आता खरा प्रश्न. हे बसवायचं कशाला? सीटच्या कव्हरला आणि फोमला तर काही ताकद नसते. ताकद असते ती आतल्या लोखंडी सांगाड्याला. सीट काढून, कव्हर उसवून पाहिलं तर आमच्या सीटच्या पाठीचा सांगाडा लोखंडी नळीचा निघाला. गॅरेजचे मिस्त्री म्हणाले, "ताई, एक भोक पाडू, बोल्ट टाकू, दहा मिनिटांचं काम." त्यांचा हात चांगला आहे, अनुभवही मोठा आहे. तरी मी एक दिवस मागून घेतला, कारण मला आपल्या शास्त्राच्या बाई आठवल्या. बाई, तुम्ही आज पहिल्या रांगेत आहात, म्हणून सांगते. साधी यंत्रे शिकवताना तुम्ही पट्टीखाली खोडरबर ठेवून एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला तीन खडू तोलून दाखवले होते. टेकू, भार आणि बल. त्याच धड्यावर हे सगळं काम उभं आहे.

आर्मरेस्ट म्हणजे एक तरफ. फिरण्याचा बोल्ट हा टेकू. त्यापासून २५ सेंटिमीटरवर आईचा हात. उतरताना ती त्यावर जोर देऊन उठणार, तेव्हा २० किलोचा भार सहज येणार. २० गुणिले २५ म्हणजे ५००. आर्मरेस्टला थोपवणारी खुंटी बोल्टापासून फक्त ४ सेंटिमीटरवर. ५०० भागिले ४ म्हणजे १२५. आईने २० किलोचा जोर दिला की खुंटीवर १२५ किलोचा येतो! बोल्टवरही शंभराच्या वरच ताण येतो. हा सगळा जोर पातळ नळीत पाडलेल्या एका भोकाच्या कडेवर टाकला तर काही दिवस काही होणार नाही. मग भोक लांबट होईल, आर्मरेस्ट डुगडुगेल, पुढे नळीला चीर जाईल. आणि ती नळी म्हणजे आईच्या पाठीचा आधार. अपघातात किंवा जोरात ब्रेक लागला तर माणसाला धरून ठेवणारी सीटच ती. हाताला आधार देताना पाठीचा आधार कमकुवत करून चालणार नव्हतं.

उपायही त्याच धड्यात होता. जोर तोच राहतो, पण तो जितक्या लांबीवर पसरवावा तितका कमी होतो. आम्ही ५ मिलिमीटर जाडीच्या आणि १६ सेंटिमीटर लांबीच्या लोखंडी पट्ट्या घेतल्या. फॅब्रिकेशनवाल्यांनी इनोव्हाचा ब्रॅकेट त्यांच्याच टेबलावर एका पट्टीला वेल्ड केला. मग नळीच्या एका बाजूला ही पट्टी आणि दुसऱ्या बाजूला तशीच दुसरी, मधे नळी, आणि नळीच्या दोन्ही अंगांनी जाणारे चार बोल्ट. नळीला भोक नाही. वरच्या आणि खालच्या बोल्टांमध्ये १२ सेंटिमीटर अंतर ठेवलं. ५०० भागिले १२, म्हणजे साधारण ४२. पट्टीच्या आत १२५ किलो असले तरी नळीवर वर-खाली ४२-४२ किलोच येतात. पट्टी घसरू नये म्हणून तिचं खालचं टोक सांगाड्याच्या आडव्या पट्टीवर टेकवलं. बोल्ट साधे घेतले नाहीत. डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेले घेतले, तो त्यांच्या ताकदीचा दर्जा असतो. नट नायलॉकचे, म्हणजे गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल होत नाहीत. मिस्त्रींनी पट्ट्या हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "हे बरं आहे. उद्या काढायचं म्हटलं तरी सीट जशीच्या तशी." त्यांच्या तोंडून ते ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या क्षेत्रातही चालत्या जुन्या प्रणालीला नवा भाग जोडताना हाच नियम आहे. मूळ प्रणालीला धक्का लावायचा नाही आणि जोडलेलं काढता आलं पाहिजे.

इथे एक इशारा देते. सीटवर फोम असताना तिथे वेल्डिंग कधीही करू देऊ नका. फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. सीटची पाठ मागे-पुढे करणाऱ्या यंत्रणेत भोक पाडू नका. सीट पुन्हा बसवताना जमिनीचे बोल्ट पूर्ण आवळले आहेत ना, ते स्वतः पाहा. आणि ज्यांच्या गाड्या नव्या आहेत त्यांनी हा प्रयोग करूच नये, कारण बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये सीटच्या पाठीतच बाजूची एअरबॅग असते. आमच्या गाडीत ती नाही, म्हणून हे शक्य झालं.

कायद्याचंही पाहिलं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीपत्रात जे लिहिलं आहे त्याच्याशी विसंगत बदल करता येत नाही. आम्ही आसनसंख्या, इंजिन, रंग यांतलं काही बदललं नाही. तरीही सगळं नट-बोल्टावर ठेवलं, कोणी हरकत घेतली तर अर्ध्या तासात काढता यावं म्हणून.

बसवून झाल्यावर तपासणी. आधी आर्मरेस्टच्या टोकाला २० लिटरचा भरलेला पाण्याचा जार दोरीने अडकवला आणि रात्रभर ठेवला. सकाळी उंची मोजली, फरक नव्हता. मग सीटबेल्ट. तो आर्मरेस्टच्या खालून, कमरेच्या हाडावरूनच गेला पाहिजे, आणि आर्मरेस्ट खाली असतानाही बकल हाताला लागलं पाहिजे. आईला डोळे मिटून दहा वेळा बेल्ट लावायला आणि सोडायला सांगितलं. ती म्हणाली, "शाळेत कवायत घेत होते तशी घेते आहेस." पण अपघात झाला, अंधार असला, तर हीच सवय कामाला येते. आर्मरेस्टच्या पुढच्या टोकाला जाड फोम लावला, म्हणजे धक्क्यात बरगडीला लागणार नाही.

चालकाच्या बाजूचा आर्मरेस्ट सर्वांत शेवटी बसवला. बाबा आता दिवसा आणि ओळखीच्या रस्त्यावरच गाडी चालवतात. त्यांची सीट त्यांच्या जागेवर ठेवून पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि रिव्हर्स, सगळे गिअर टाकून पाहिले. हँडब्रेक पूर्ण ओढून पाहिला. आर्मरेस्ट खाली असताना दुसऱ्या गिअरला कोपर अडतं. म्हणून नियम ठरला की गावात तो वर, साताऱ्याच्या सरळ हायवेवर खाली. बाबा हा नियम माझ्यापेक्षा काटेकोरपणे पाळतात.

कव्हरचं काम कुशनवाल्यांनी केलं. इनोव्हाचे आर्मरेस्ट बदामी, आमच्या सीट करड्या. त्यांनी करडं रेक्झिन सुचवलं. आई म्हणाली की रेक्झिनला उन्हाळ्यात हात चिकटतो. तिने जुन्या सुती साडीच्या दोन खोळी शिवल्या, धुता येतील अशा. फॅब्रिकेशनचे ६००, कुशनवाल्यांचे ७०० आणि बोल्ट वगैरे धरून सगळा खर्च ३३०० रुपयांच्या आत बसला.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही चिपळूणला गेलो. घाटात गाडी मी चालवत होते. कोयनानगरला चहाला थांबलो. मी नेहमीप्रमाणे उतरून आईच्या दाराकडे जायला निघाले, कारण तिला हात धरून बाहेर घ्यावं लागायचं. मी पोचेपर्यंत ती आर्मरेस्टवर उजवा हात टेकून, वळून, स्वतःची स्वतः उतरली होती आणि पदर सारखा करत होती. मला म्हणाली, "चल, चहा गार होईल." संध्याकाळी मावशीच्या अंगणात दोघी बहिणी बसल्या होत्या. आईने परतीचा दिवस दोनदा पुढे ढकलला.

खांदा पूर्ण बरा झालेला नाही. आर्मरेस्ट हे काही औषध नव्हे. पण कुठे जायचं आणि कुठे जायचं नाही, हे आता खांदा ठरवत नाही, आई ठरवते. मुलं म्हणून आपण पटकन मोठे उपाय काढतो. गाडी बदलू, घर बदलू, पुण्याला येऊन राहा. काही वेळा ते लागतातही. पण त्याआधी एकदा टेप घेऊन शेजारी बसावं आणि नेमकं कुठे दुखतं ते विचारावं. उत्तर पुष्कळदा वीस सेंटिमीटरचं असतं.

जाता जाता एक प्रस्ताव मांडते. आज या सभागृहाचा जिना चढताना आपल्या सरांनी आणि बाईंनी डाव्या हाताने कठडा धरला होता आणि उजव्या हाताने आपल्यापैकी कोणाचा तरी खांदा. खांदा द्यायला आपल्याला आनंदच आहे, पण आपण रोज इथे नसतो. मुख्याध्यापक सरांची परवानगी असेल तर आपल्या तुकडीतर्फे भिंतीच्या बाजूलाही एक कठडा बसवू या. वर्गणी जमवण्याआधी दोन कामं करू. भिंत कुठे पक्की आहे आणि किती भार पेलेल, ते आपल्यातल्या स्थापत्य अभियंत्यांनी पाहावं. आणि कठडा किती उंचीवर हवा, ते आज जेवणाच्या सुट्टीत आपल्या गुरुजनांना विचारून मोजून घेऊ. टेप मी आणलेली आहे.